दुकानाची खाती आणि एक वही



मी मलकापूरचा. कोल्हापुरातून रत्नागिरीकडे निघालात, की आंबा घाट लागायच्या आधी आमचे गाव येते. माझा धंदा कवितेचा, म्हणजे धंदा नाहीच. पण माझ्या भाच्याची बेकरी आहे, आणि मामू बी.ए. झालेत एवढ्या भांडवलावर तिची लिखापढी माझ्याकडे आली आहे. आज त्या लिखापढीतलेच एक नवे प्रकरण सांगतो.

दोन वर्षांपूर्वी रमजानच्या तोंडावर भाच्याने दुकान पेठेतून हमरस्त्यावर आणले. जागा बदलली, त्याच घाईत मोबाइलचा नंबरही बदलला. मग गिऱ्हाइके जुन्या बंद दारावरून परत फिरू लागली. चौकशी करता कळले, की एका बेकरीची पाच खाती आणि पाचांचे कारभारी वेगवेगळे! फेसबुकचे एक खाते भाच्याच्या स्वतःच्या नावाने. दुसरे पान कामावरच्या पोराने उघडलेले. तो पोरगा पुण्याला गेला आणि त्याची किल्लीही गेली. इन्स्टाग्राम जुन्या नंबरवर. गुगलच्या नकाशावर दुकान अजून पेठेतच. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर भाच्याच्या सासरच्या बातम्या आणि नानकटाईच्या ऑर्डरी एकाच खाटेवर झोपलेल्या.

मी म्हटले, ‘‘बाबा, उधारीची वही ठेवतोस, तशी याचीही ठेव.’’

दोनशे पानी वही आणली, रकाने आखले. खाते कोणते, कुठल्या नंबरवर, कुठल्या ई-मेलवर, कोणाच्या हातात. पासवर्ड मात्र वहीत नाहीत. ते वेगळ्या कागदावर, बहिणीच्या ट्रंकेत. दुकानासाठी एकच ई-मेल काढला आणि सगळी खाती एकेक करून त्याच्या दावणीला बांधली. दुकानाचे नावही सगळीकडे एकाच पद्धतीने लिहिले. आधी एकीकडे ‘बेकरी’, एकीकडे ‘बेकर्स’. शोधणाऱ्याने काय समजावे?

यात शिकायला पुष्कळ मिळाले. फेसबुकच्या वैयक्तिक खात्यावर 5000 च मित्र ठेवता येतात; दुकानाच्या पानाला ती मर्यादा नाही. शिवाय पानाचा कारभार दोघा-तिघांना आपापल्या खात्यातून बघता येतो. एकच पासवर्ड सगळ्यांत फिरवावा लागत नाही आणि माणूस काम सोडून गेला, तर त्याचे नाव काढून टाकता येते. आता नव्या पानावर भाचा आणि त्याची बायको, असे दोघेही कारभारी आहेत. धंद्यासाठीचे वेगळे व्हॉट्सअ‍ॅप भारतात जानेवारी 2018 मध्ये आले, तेही फुकट. त्यात मालाचे फोटो भावासकट लावता येतात, दुकानाची वेळ लिहिता येते आणि गिऱ्हाइकाच्या नावापुढे ‘पैसे बाकी’ अशी चिठ्ठीही चिकटवता येते. त्याला सहा आकडी पिन लावून घ्यावा. नुसता नंबर हाती आला म्हणून दुसरा कोणी आपले खाते उघडू नये, यासाठी तो असतो. आपण सोडलेला नंबर तीन महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

आणखी एक. 29 जून 2020 ला सरकारने टिकटॉकसह 59 अ‍ॅपवर बंदी घातली. ज्यांची सगळी गिऱ्हाइके तिथेच होती, त्यांची दुकाने एका रात्रीत ओस पडली. म्हणून गिऱ्हाइकांचे नंबर, त्यांना विचारून, आमच्या वहीतही असतात. कागदावर बंदी यायला वेळ लागतो.

आता जरा अवघड गोष्ट. जून 2023 मध्ये काही आक्षेपार्ह स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद ठेवावे लागले. तेव्हा आमच्या दुकानाचा फोन गल्ल्यावर पडलेला असे आणि तीन पोरे तो वापरत. कोणी काही वेडेवाकडे टाकले असते आणि विचारणा झाली असती, तर भाच्याने काय सांगितले असते? पाटीवर आमच्यासारखे आडनाव असले, की उत्तर द्यायला फार वेळ मिळत नाही. त्या दिवशी कोणी काही टाकले नव्हते, हे आमचे नशीब. बहिणीने तेव्हाच बजावले होते, ‘‘दुकानाच्या फोनवर खारी, टोस्ट आणि सणाच्या शुभेच्छा. बाकी एक अक्षर नको.’’ वही झाली तेव्हा तो नियम तिने पहिल्या पानावर लिहायला लावला. शुभेच्छा मात्र ईदच्या, दिवाळीच्या, नाताळच्या, सगळ्या. आता स्टेटस टाकणारा माणूस एकच, आणि त्याचे नाव वहीत आहे.

मजकूर मी लिहितो. सुरुवातीला दोन शेर टाकून पाहिले. कोणी ढुंकून पाहिले नाही. मग ‘‘सहाची खारी भट्टीतून निघाली’’ एवढेच लिहिले आणि ट्रेचा फोटो लावला. गणपतीपुळ्याला निघालेल्या दोन गाड्या अर्ध्या तासात दारात! कवीला वाईट वाटते, पण इलाज नाही.

सगळे सुटले असे नाही. पुण्याला गेलेल्या पोराचे ते पान अजून तसेच आहे. त्याला स्वतःलाच पासवर्ड आठवत नाही. त्यावर जुना नंबर आहे. तो नंबर आता गडहिंग्लजकडच्या एका गृहस्थांकडे आहे. आठवड्यातून एक-दोनदा कोणीतरी त्यांना दोन किलो नानकटाई सांगतो. ते न चिडता ऑर्डर लिहून घेतात आणि भाच्याला कळवतात. आम्ही त्यांचेही नाव वहीत घेतले आहे, कारभाऱ्यांच्या रकान्यात.