जुन्या गाडीचं स्टेअरिंग ऑईल

मागच्या वेळी आपण गटाच्या गाडीचे हप्ते आणि विमा यावर बोललो. तेव्हा बऱ्याच जणींनी विचारलं, की गाडी जुनी घेतली तर तिच्या तेलपाण्याचं कसं बघायचं? सगळं एका दिवसात सांगून होणार नाही. म्हणून आज एकाच तेलाचं बोलू या. पॉवर स्टेअरिंगचं ऑईल. इंजिन ऑईलची आठवण सगळ्यांना असते, याची कुणालाच नसते.

आमच्या गटाची जीप दोन मालक होऊन आमच्याकडे आली. पाटणकडून कुंभार्ली घाट उतरून आम्ही चिपळूणला नाचणीचं पीठ, पापड, कुरडया घेऊन जातो. गाडी चालवते ती आमच्यातलीच एक ताई. भरलेली गाडी, पावसाळा, समोरून एसटी, आणि वळणावर स्टेअरिंग जड लागलं, तर काय होतं हे तिला विचारा. म्हणून हा विषय आम्हाला फक्त खर्चाचा वाटत नाही.

आधी हे बघा, की तुमच्या गाडीत हे तेल आहे का. हल्लीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत स्टेअरिंगला विजेची मोटर असते, तिथे तेलाचा प्रश्नच नाही. जुन्या जीपा, पिकअप यांत मात्र इंजिनच्या पट्ट्यावर एक छोटा पंप फिरतो. तो तेल दाबाने स्टेअरिंगच्या पेटीत ढकलतो आणि तो दाब आपल्या हाताला मदत करतो. इंजिन बंद पडलं, पट्टा तुटला किंवा तेल गेलं, की मदत थांबते. चाकं तरीही वळतात, पण सगळं बळ आपल्या दंडाचं लागतं.

बोनेट उघडलं की या तेलाची छोटी डबी दिसते. कुणाच्या डबीवर बाहेरून खुणा असतात, कुणाच्या झाकणालाच पट्टी असते. गाडी सपाट जागी उभी करून बघायचं. गार असताना आणि गरम असताना अशा दोन वेगळ्या खुणा असतील, तर त्या ओळखून बघा. पट्टीवरचं तेल पांढऱ्या फडक्याला पुसा. लाल, स्वच्छ असेल तर ठीक. तपकिरी-काळं झालं असेल, जळका वास येत असेल, तर बदलायची वेळ झाली. फेस दिसला तर आत हवा शिरते आहे असं समजा. वळवताना घूं घूं असा आवाज येत असेल, तर पहिल्यांदा ही डबी बघा.

आणि एक लक्षात ठेवा. हे तेल जळून कमी होत नाही. कमी झालं म्हणजे कुठून तरी गळतंय. नळ्यांचे जोड, त्यांच्या क्लिपा, पंपाची खालची बाजू, स्टेअरिंगची पेटी, जिथे तेलकट धूळ बसलेली दिसेल तिथे शोधा. दुकानात गळती बंद करणारं औषध म्हणून डबा मिळतो. त्याने रबर थोडं फुगतं आणि काही दिवस गळती थांबल्यासारखी वाटते. आमचं मत, त्या पैशात नवं सील घ्यावं.

आता तेल कोणतं? इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. एका आठवडी बाजारात आमच्या ताईला एक मिस्त्री म्हणाला, "लाल असलं की झालं, सगळं सारखंच." ताईने झाकण पुसून त्याला दाखवलं. त्यावर नाव कोरलेलं होतं, डेक्सरॉन. पुष्कळ जुन्या गाड्यांना हेच चालतं. हे मुळात ऑटोमॅटिक गिअरचं तेल, पण स्टेअरिंगलाही वापरतात. डेक्सरॉन ३ चा परवाना मूळ कंपनीने २००६ नंतर चालू ठेवला नाही. त्यामुळे आजच्या डब्यावर "डेक्सरॉन ३ च्या जागी चालेल" अशा अर्थाचा मजकूर शोधायचा. पण सगळ्याच गाड्यांना हे तेल चालतं असं नाही. काहींना हिरवं, वेगळ्या जातीचं लागतं, काहींना कंपनीचं खास तेल. रंगावर विश्वास ठेवू नका, दोन जाती एकत्र करू नका. झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात जे नाव असेल, तेच डब्यावर वाचून घ्या. पुस्तक हरवलं असेल, तर त्या कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानात गाडीचं मॉडेल आणि साल सांगून विचारा. बिलावर तेलाचं नाव लिहून घ्या.

ब्रेक ऑईल मात्र यात कधीच घालू नका, थोडंसुद्धा नाही. त्याची जात पूर्ण निराळी. आतली रबरी सीलं त्याने फुगतात, मऊ पडतात, आणि मग पंपापासून पेटीपर्यंत सगळं उघडावं लागतं. उलटही तसंच. स्टेअरिंगचं तेल ब्रेकच्या डबीत गेलं, तर ब्रेकच जातील. दोन्ही डब्या शेजारी असतात, म्हणून आम्ही झाकणांवर रंगाने मोठी अक्षरं काढली आहेत.

तेल बदलताना गटातल्या दोघी तरी गॅरेजमध्ये उभ्या राहा. काम असं होतं. पुढची चाकं उचलून खाली स्टँड लावतात, नुसत्या जॅकवर गाडी ठेवू देऊ नका. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. डबीतलं जुनं तेल मोठ्या सिरिंजने ओढून काढतात. मग परतीची नळी सोडून बाटलीत धरतात आणि डबीचं ते तोंड बुचाने बंद करतात. इंजिन बंद ठेवून एकाने स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, दुसऱ्याने डबीत नवं तेल ओतत राहायचं. डबी रिकामी पडली की हवा शिरते, तेवढं सांभाळा. बाटलीत स्वच्छ तेल यायला लागलं की नळी परत जोडायची. त्यानंतर इंजिन न लावताच पंधरा-वीस वेळा फिरवायचं, म्हणजे बुडबुडे निघून जातात. मग इंजिन लावून पुन्हा फिरवायचं आणि खूण बघून तेल पुरतं करायचं. स्टेअरिंग शेवटच्या टोकाला दाबून धरायचं नाही, पाच सेकंदसुद्धा. त्याने पंप तापतो. रोज गाडी वळवतानाही हीच सवय ठेवा. साधारण एक लिटर तेल लागतं, पण धुऊन काढायचं असेल तर दोन डबे न्या. हा खर्च काही शे रुपयांचा आहे. पेटी बदलायची झाली तर हजारांत जातो.

कधी बदलायचं ते पुस्तकात असतं. आम्ही दोन वर्षं धरली आहेत, घाट रोजचा म्हणून.

जुनं तेल ओढ्यात किंवा उकिरड्यावर ओतू नका, चुलीत तर नाहीच. कुणी वाळवीसाठी लाकडाला लावायला मागेल, त्यालाही देऊ नका. त्याच डब्यात भरून गॅरेजवर द्या, तिथे वापरलेलं तेल गोळा करणारे येतात. आणि गटाच्या नोंदवहीत तारीख, किलोमीटर आणि तेलाचं नाव लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी सचिव बदलली तरी अडणार नाही.

पुढच्या वेळी ब्रेक ऑईलवर बोलू.