टपाल येतं कुठवर?

(छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा भागात दिवाळीनंतर बैठक झाली, त्यातलं हे बोलणं. बोललो तसंच, थोडं नीट करून छापतो आहोत. ज्याला वाचता येतं त्यानं बाकीच्यांना वाचून दाखवावं.)



बैठक डोंगरात न घेता इथं गारखेड्यात का घेतली, असं दोघा-तिघांनी विचारलं. कारण सरळ आहे. आपली निम्मी तरणी माणसं इथंच राहतात. कोण बांधकामावर, कोण वाळूजला कंपनीत, कोण लेकरांच्या शाळेसाठी खोली करून. घर कन्नड-सोयगावच्या डोंगरात, माणूस शहरात, आणि सरकारचा कागद या दोघांच्या मधी कुठंतरी पडलेला. त्या कागदाबद्दल आज बोलायचं आहे.

मागच्या वेळी एका पोरानं मोबाईलवर बातमी वाचून दाखवली होती, कॅनडा देशाची. तिथं घरपोच टपाल बंद करायचं चाललंय. दारात पत्र टाकायचं नाही, रस्त्याच्या कोपऱ्यावर लोखंडी पेटी बसवायची, ज्यानं त्यानं जाऊन आपलं पत्र काढून आणायचं. हे भांडण तिथं जुनं आहे. २०१३ साली टपाल खात्यानं योजना काढली, म्हातारी-अपंग माणसं ओरडली, कामगार संघटना उठली. २०१५ च्या निवडणुकीत एका पक्षानं सांगितलं, आम्हाला निवडून द्या, आम्ही हे थांबवतो. लोकांनी निवडून दिलं. थांबलंही. पण ज्यांचं घरपोच टपाल त्याआधीच गेलं होतं, त्यांचं परत आलं नाही. आणि दहा वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, त्याच पक्षाच्या सरकारनं उरलेल्या सुमारे ४० लाख घरांचं घरपोच टपालसुद्धा बंद करायला मोकळीक दिली. गावातली टपाल कार्यालयं बंद करायची नाहीत असं १९९४ पासून बंधन होतं, तेही उठवलं. टपाल कामगार त्याच दिवशी संपावर गेले. डेन्मार्कमध्ये तर डिसेंबर २०२५ अखेर सरकारी टपाल खात्यानं पत्रं वाटणंच बंद केलं. लाल पेट्या उचलायला त्याच वर्षीच्या जूनपासून सुरुवात झाली होती.

बातमी ऐकून एक आजी म्हणाली, "मंग त्यांचं आता आपल्यासारखं होईल." सगळे हसले. पण आजीनं बरोबर बोट ठेवलं. आपल्याकडं घरपोच टपाल बंद करा असा हुकूम कुणी काढलेला नाही. काढायची गरजच पडली नाही. पाड्यावरच्या माणसाचं पत्र आजही किराणा दुकानात पडतं, शाळेत मास्तरांच्या टेबलावर पडतं, नाहीतर ग्रामपंचायतीच्या कपाटात. कधी बाजाराच्या दिवशी हातात येतं, कधी पावसाळा गेल्यावर.

याचा राग डाकसेवकावर काढू नका. तो आपल्यातलाच आहे. ग्रामीण डाकसेवक हा टपाल खात्याचा पक्का नोकर धरला जात नाही. चार-पाच तासांचं काम म्हणून नेमतात, गावं तीन-चार लावून देतात, गाडीत पेट्रोल त्याचं. २०१८ च्या मे-जूनमध्ये देशभरातल्या डाकसेवकांनी सोळा दिवस संप केला, तेव्हा कुठं चार तासांच्या डाकसेवकाला महिना कमीत कमी १०,००० आणि शाखा डाकपालाला १२,००० ठरले. पक्कं करू हे आश्वासन मात्र त्यांनाही अजून ऐकूनच घ्यावं लागतंय. तोही आपल्याच रांगेत उभा आहे.

आता खरी गोष्ट पत्त्याची. घरपोच म्हणजे घरापर्यंत. पण सरकारच्या कागदावर आपलं घर आहे का? ज्यांची वस्ती वनजमिनीवर आहे त्यांना गावठाण नाही. गावठाण नाही म्हणून ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला घराची नोंद नाही. नोंद नाही म्हणून घर नंबर नाही. मग पाकिटावर लिहितात काय? नाव, बापाचं नाव, 'मु. पो.' आणि मोठ्या गावाचं नाव. त्या नावाची चार माणसं त्या गावात, आणि आपला पाडा तिथून दोन कोस. डाकसेवक लिहितो 'पत्ता अपूर्ण' आणि पाकीट माघारी जातं. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ज) मध्ये वनगावांचं महसुली गाव करण्याचा हक्क लिहून ठेवलाय. म्हणजे आपण जमीन मागतो तेव्हा पत्तासुद्धा मागत असतो. या दोन मागण्या वेगळ्या नाहीत.

२०२५ मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन नावाची गोष्ट आणली. सगळ्या देशाचे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरी-अंकी खूण दिली. म्हणजे आपल्या चुलीलासुद्धा आता खूण आहे! घर नंबर नाही, पण चुलीला आहे. आम्हाला याची गंमत वाटते आणि रागही येतो. आपण म्हणतो इथं आमची वहिवाट आहे, तर समितीत सांगतात उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही. आणि त्याच आकाशातून चार मीटरचा चौकोन बरोबर दिसतो.

कागद नाही मिळाला तर होतं काय, ते नीट ध्यानात घ्या. वनहक्काच्या नियमात, नियम १२(अ) मध्ये, साफ लिहिलंय की दावा नामंजूर केला किंवा कमी केला तर तो निर्णय दावेदाराला व्यक्तिशः कळवायचा. म्हणजे त्याच्या हातात. त्यानंतर साठ दिवसांत वरच्या समितीकडं दाद मागता येते, समितीला वाटलं तर आणखी तीस दिवस. आपल्या भागात झालं काय? गावभराचे निर्णय एका गठ्ठ्यात ग्रामपंचायतीत आले. काही वाटले, काही राहिले. काही टपालानं आले, तेव्हा माणूस कारखान्यावर. दिवाळी झाली की कोयता, अक्षय तृतीयेपर्यंत घराला कुलूप. पाकिटावर शेरा पडला 'दार बंद', सात दिवस पोस्टात राहिलं आणि परत गेलं. तिकडं दप्तरात लिहिलं, निर्णय पाठवला. माणूस चैत्रात माघारी आला तर साठ काय, दीडशे दिवस झालेले.

हे फक्त आपल्याच गावात नाही. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं हुकूम दिला की ज्यांचे दावे नामंजूर झाले त्यांना काढा. देशभरातले असे ११ लाखांहून जास्त दावे. तेव्हा सगळीकडून ओरड झाली, आणि केंद्राच्या आदिवासी मंत्रालयानंच कोर्टापुढं मांडलं की कित्येकांना नामंजुरीचा कागद पोचलेलाच नाही. २८ फेब्रुवारीला त्या हुकमाला स्थगिती मिळाली आणि राज्यांना विचारलं गेलं, तुम्ही पद्धत काय पाळली ते सांगा. एका न पोचलेल्या कागदाची किंमत किती, ते यात दिसतं.

अजून एक सांगतो, कारण यात आपली माणसं फसतात. नोटीस आली की काही जण हात मागं घेतात. वाटतं, घेतलीच नाही तर लागू कशी होईल? असं नाही. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड कायद्यात, कलम २७ ला, लिहिलंय की बरोबर पत्ता घालून, पैसे भरून, नोंदणी टपालानं पाठवलेलं पत्र पोचलं असं धरलं जातं. 'घेण्यास नकार' असा शेरा पडला तर कोर्ट ते मिळालं असंच मानतं. म्हणून बायांनो, गड्यांनो, पाकीट घ्या. घेणं म्हणजे कबूल करणं नाही. घ्या, त्यावर कोणत्या तारखेला मिळालं ते लिहा, आणि पाकीट फेकू नका. पाकिटावरचा शिक्का हाच पुढं आपला साक्षीदार. आमच्याकडं कागद घेऊन येतात आणि पाकीट चुलीत घातलेलं असतं, मग तारीख सिद्ध कशानं करायची?

आणि २०२५ मध्ये नियमही बदलले. १ सप्टेंबर २०२५ पासून जुनी रजिस्टर्ड टपाल सेवा वेगळी राहिली नाही, स्पीड पोस्टमध्ये घातली. आपण पिढ्यान्पिढ्या 'रजिस्टर केलं' म्हणत आलो, ते आता खिडकीवर जाऊन नुसतं म्हणून चालणार नाही. जुनं रजिस्टर ज्याच्या नावचं त्याच्याच किंवा त्यानं नेमलेल्याच्या हातात देत. साधं स्पीड पोस्ट पत्त्यावर जो भेटेल त्याला देतात. तहसीलला, प्रांताला, समितीला काही पाठवायचं असेल तर 'नोंदणीसह स्पीड पोस्ट' असं सांगा. नोंदणीचे ५ रुपये आणि कर वेगळा पडतो. ऑक्टोबर २०२५ पासूनचा दर ५० ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात १९ रुपये, बाहेर ४७ रुपये, वर कर. आधीच्या रजिस्टरपेक्षा हे महाग आहे. मजुरी बुडवून तालुक्याला जाणाऱ्याला पन्नास-साठ रुपये म्हणजे मिठा-तेलाचे पैसे. याबद्दल कुठल्या पुढाऱ्यानं तोंड उघडलेलं आम्ही तरी ऐकलं नाही.

इथली पोरं म्हणाली, टपालाचं काय घेऊन बसलात, मोबाईलवर मेसेज येऊ द्या. येऊ द्या की. पण डोंगराच्या पलीकडच्या अंगाला रेंज नाही, रिचार्ज संपलं की नंबर जातो, आणि एका घरात एकच फोन, तो पोराबरोबर वाळूजला. मेसेज जादा म्हणून यावा. कागदाच्या ऐवजी नको. एकदा का आपणच म्हणालो की मेसेज पुरे, तर हातात कागद द्यायची जबाबदारी त्यांच्यावरून उतरली.

आता आश्वासनांचं. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पाय सोलत लोक गेले. १२ मार्चला सरकारनं लेखी दिलं, वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू. २०१९ च्या फेब्रुवारीत परत निघावं लागलं, परत लेखी. २०२३ च्या मार्चमध्ये परत. त्याच २०२३ मध्ये 'शासन आपल्या दारी' आलं. मंडप, खुर्च्या, गाड्या भरून माणसं. दारी म्हणजे तालुक्याच्या मैदानात, आणि आपणच गाडीत बसून दारी जायचं. २०१८ मध्ये टपाल खात्याची बँक आली, 'आपका बैंक, आपके द्वार'. ती कामाची आहे, ते नाकारायचं नाही, म्हातारीचे निराधारचे पैसे डाकसेवकाच्या मशीनवर अंगठा देऊन मिळतात. पण जो माणूस मशीन घेऊन पाड्यावर येऊ शकतो, तो नामंजुरीचा कागद घेऊन का येऊ शकत नाही?

जिल्हा परिषदेची निवडणूक पुन्हा येईल. उमेदवार येतील, पाण्याचं बोलतील, रस्त्याचं बोलतील. त्यांना एक साधी गोष्ट विचारा. साहेब, आमच्या पाड्याच्या नावानं टपाल येईल असं करता का? नमुना ८ ला घरं लावता का? हो म्हणाले तर कोणत्या तारखेच्या ग्रामसभेत, ते कागदावर लिहून घ्या. आमदारांना आणखी एक विचारायचं. मे २०२० मध्ये राज्यपालांनी अधिसूचना काढली की जिल्हा समितीनं नामंजूर केलं तरी विभागीय समितीकडं अपील करता येईल. पण ते फक्त अनुसूचित क्षेत्राला. किनवटच्या माणसाला ती वाट आहे. आपला जिल्हा अनुसूचीत नाही, म्हणून कन्नडच्या भिल्लाला, ठाकराला ती नाही. विभागीय आयुक्त दोघांचा एकच, बसतात याच शहरात.

उसतोडीला जे अजून निघाले नाहीत त्यांनी जाण्याआधी एक काम करून जावं. घरी राहणाऱ्या एका माणसाच्या नावानं पोस्टात लेखी अधिकारपत्र द्यावं, की माझं नोंदणीचं टपाल याच्याकडं द्या. घरी राहणारं कुणी नसेल तर गावच्या वनहक्क समितीतल्या कुणाचं तरी नाव घालावं, त्याला विचारून. ज्यांचे दावे पाठवून वर्ष झालं आणि काहीच आलं नाही, त्यांच्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करायचा आहे. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, दारिद्र्यरेषेचं कार्ड असेल तर तेही नाही. विचारायचं एवढंच: माझ्या दाव्याचा निर्णय कोणत्या तारखेला झाला, कुणाच्या हातात दिला, सही कुणाची, आणि जावक बारनिशीच्या त्या पानाची नक्कल द्या.

अधिकारपत्राचा आणि अर्जाचा नमुना या अंकाच्या शेवटच्या पानावर आहे. गारखेड्यातल्या पोरांनी रविवारी सुट्टी असते तेव्हा इथंच बसून तो भरून द्यायचं कबूल केलंय. येताना दाव्याची पोच, आधार आणि असेल तर जुनं पाकीट घेऊन या.