घोडामाशाचा जिवंत चारा

कांचेच्या पेटींत मासे पाळण्याचा छंद शहरांतील घरांना आतां नवा राहिलेला नाहीं. चिमूटभर कोरडें खाद्य पाण्यावर टाकलें, कीं सोनेरी मासे वर धांवून येतात आणि पाळणाऱ्याचें त्या दिवसाचें कर्तव्य बहुतेक संपतें. परंतु सर्वच जलचरांचा योगक्षेम इतक्या स्वस्तांत चालत नाहीं. ज्याला घोडामासा किंवा समुद्रघोडा म्हणतात, तो अन्नानें भरलेल्या पेटींतही उपाशी मरूं शकतो. असें कां व्हावें, आणि त्याला जगविणारे लोक कोणती युक्ति योजतात, हें पाहण्यासारखें आहे.

घोडामाशाला दांत नाहींत आणि जठरही नाहीं. नळीसारख्या तोंडानें तो भक्ष्य पाण्यासकट आंत ओढून घेतो, आणि तें अन्नमार्गांतून लवकरच पुढें निघून जातें. त्यामुळें एकदां पोटभर जेवून दिवस काढणें त्याला जमत नाहीं. थोडें थोडें, पण वारंवार खावें लागतें. पोहण्यांत तो अगदीं मंद. शेपटीनें पाणगवताच्या काडीला विळखा घालून तो उभा राहतो, दोन्ही डोळे स्वतंत्रपणें फिरवून टेहळणी करतो, आणि एखादा बारीक कवचधारी जीव तोंडाशीं आला म्हणजे त्याला झटक्यासरशीं टिपतो. त्याच्या डोक्याचा आकारच असा आहे, कीं तो जवळ येतांना तोंडापुढचें पाणी फारसें हलत नाहीं. ठेंगू घोडामाशावरील जें संशोधन २०१३ सालीं प्रसिद्ध झालें, त्यांत शांत पाण्यांतील त्याच्या दहांपैकीं सुमारें नऊ झडपा यशस्वी ठरल्या. मात्र या निष्णात शिकाऱ्याला हालचाल हवी. तळाशीं निपचित पडलेला कण त्याच्या लेखीं बहुधा अन्नच नव्हे.

हा ठेंगू घोडामासा फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील उथळ पाणगवतांत राहतो. पूर्ण वाढला तरी त्याची उंची जेमतेम एक इंच, आणि आयुष्य सुमारें एक वर्षाचें. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत त्याच्या जाहिराती मुलांच्या चित्रकथांच्या पुस्तकांतून झळकत, आणि हे जीव टपालानें घरोघर जात. पोस्टमननें घोडा आणून दिला, तरी त्याचा रोजचा चारा कोठून येणार? तो घरींच निपजवावा लागे. म्हणून जाणत्या घरांत घोडामाशाच्या पेटीशेजारीं दुसरें एक भांडें हटकून असे, आणि आजही असतें.

या दुसऱ्या भांड्यांत आर्टेमिया वाढतो. हा खाऱ्या सरोवरांत व मिठागरांत सांपडणारा कोळंबीच्या जातकुळींतील जीव. अमेरिकेंतील ग्रेट सॉल्ट लेक या सरोवरावरून त्याचीं अंडीं गोळा करून जगभर पाठविलीं जातात. मोहरीहूनही कितीतरी बारीक असें हें अंडें कोरडें ठेवलें तर वर्षानुवर्षें सुप्त राहतें. एका ग्रॅममध्यें तीं दोन ते तीन लाख मावतात. समुद्राइतक्या खारट, कोमट पाण्यांत तीं घालावींत, खालून हवेचे बुडबुडे सोडावेत व वर दिवा ठेवावा. सुमारें चोवीस तासांत नारिंगी रंगाचीं पिलें बाहेर पडतात. मग हवा बंद करावी. रिकामीं कवचें वर तरंगतात आणि न उबलेलीं अंडीं तळाशीं बसतात. पिलांना उजेडाची ओढ असते. दिव्यापाशीं त्यांचा थवा जमला, कीं बारीक नळीनें तीं ओढून घ्यावींत, गाळावींत आणि स्वच्छ पाण्यानें धुवावींत. कवचें पेटींत जातां कामा नयेत, कारण तीं पचत नाहींत.

येथें वेळेचें भान फार महत्त्वाचें. नुकत्याच जन्मलेल्या आर्टेमियाच्या अंगांत बलकाची शिदोरी असते. त्याचा कस तिच्यांतच आहे. तासातासानें ती सरत जाते, आणि उशीर झाला तर घोडामाशाला पोट भरल्याचा भास तेवढा मिळतो. पिलें मोठीं करावयाचीं असतील, तर हिरवें सूक्ष्म शेवाळें खाऊं घालून त्यांना पुन्हा सकस करावें लागतें. ठेंगू घोडामाशाला दिवसांतून निदान दोनदां, आणि त्याच्या पिलांना त्याहूनही अधिक वेळां असा ताजा चारा लागतो. पण अति घातला तरी घात. उरलेला चारा मरून पाणी नासतें. शिवाय त्यावर हायड्रॉइड नांवाचे डंख मारणारे बारीक जीव पोसतात आणि कोंवळ्या पिलांच्या जिवावर उठतात.

मोठ्या जातींचे, पेटींतच जन्मलेले घोडामासे आतां गोठविलेली मायसिस कोळंबी खाण्यास शिकविले जातात. समुद्रांतून धरून आणलेला प्राणी मात्र पुष्कळदां तिला तोंड लावीत नाहीं. म्हणून जाणते लोक पेटींत जन्मलेलाच घ्यावा असें सांगतात.

भारतांत या छंदाला मुभा नाहीं, आणि तें योग्यच आहे. २००१ सालीं सर्व घोडामासे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत घालण्यांत आले. त्यांना पकडणें किंवा विकणें हा गुन्हा आहे. २००४ सालापासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही कराराचें नियंत्रण आहे. चाऱ्याची विद्या मात्र आपल्याकडेही उपयोगाची. कोळंबीचें बीज तयार करणाऱ्या केंद्रांतून आर्टेमियाच वापरतात, आणि घरच्या पेटींत शोभेच्या माशांनीं पिलें दिलीं तर गृहिणीलाही तो हाताशीं असावा.

प्राणी पाळण्याची हौस त्याच्या रूपावरून उत्पन्न होते. तो जगतो मात्र त्याच्या अन्नावर. म्हणून कोणताही मुका जीव घरांत आणण्यापूर्वीं त्याचा उद्यांचा घांस आज आपल्या हातून तयार होईल काय, हा प्रश्न प्रत्येक घरानें स्वतःस विचारावा. उत्तर नकारार्थी असेल, तर त्या जीवाला त्याच्या पाण्यांतच राहूं द्यावें.