चुपाकाब्रा: अफवा आणि खरूज



१९९५ साली पोर्तो रिको बेटावर
शेळ्या-मेंढ्या मरून पडू लागल्या.
लोक म्हणाले,
रक्त पिणारा चुपाकाब्रा आला!

कानोव्हानास गावात तर
खुद्द महापौरांनी माणसं जमवून रान पालथं घातलं.
हाती काहीच लागलं नाही.

पुढे अमेरिकेत, टेक्सस राज्यात,
केस झडलेला एक विचित्र प्राणी सापडला.
डीएनए तपासणी झाली.
तो निघाला कायोटी,
लांडग्याच्या कुळातला.

अशा प्राण्यांना खरूज होते.
केस गळतात,
कातडी जाड होते.

आणि रक्त?
मेल्यावर ते शरीरात खालच्या बाजूला साकळतं.
जखमेतून वाहत नाही,
म्हणून ते कुणी प्यायलं असं वाटतं.

म्हणजे पुन्हा सांगते,
सापडला तो राक्षस नव्हे,
आजारी प्राणी.

मंडळी, जनावर दगावलं,
तर अफवा पसरवू नका.
पशुवैद्यकांना बोलवा.