स्वतःच्या रिळांचा मालक

सिनेमा काढायला काय लागतं? कॅमेरा, नट आणि पैसा, असं आपण चटकन म्हणू. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत कृष्णवर्णीय माणसाला आणखी एक गोष्ट मिळवावी लागे, ती म्हणजे चित्रपट दाखवायला जागा. दक्षिणेकडच्या थिएटरांत कृष्णवर्णीयांनी वरच्या गॅलरीत बसायचं. काही ठिकाणी त्यांच्यासाठी मध्यरात्रीचा वेगळा खेळ असे. पडद्यावर त्यांच्या वाट्याला नोकर किंवा विदूषक यायचा. भूमिका जरा मोठी असली, की तोंडाला काळं फासून गोरा नटच ती करी. अशा काळात ऑस्कर मिशो यांनी स्वतःची चित्रपट कंपनी काढली.

मिशो यांचा जन्म १८८४ चा, इलिनॉय राज्यातला. आधी ते रेल्वेच्या पुलमन डब्यांत पोर्टर होते. मग साउथ डाकोटात जमीन घेऊन शेती केली. दुष्काळानं आणि कर्जानं ती हातची गेली, तेव्हा त्याच अनुभवावर कादंबऱ्या लिहिल्या आणि दारोदार फिरून स्वतःच विकल्या. १९१७ साली ‘द होमस्टेडर’ ही त्यांची कादंबरी आली. कृष्णवर्णीयांनीच चालवलेल्या लिंकन मोशन पिक्चर कंपनीनं तिच्यावर चित्रपट काढायची तयारी दाखवली. मिशोंनी अट घातली, दिग्दर्शन मी करणार. कॅमेऱ्याला कधी हात न लावलेल्या लेखकाची ही अट! बोलणी फिसकटली. तेव्हा १९१८ साली त्यांनी स्वतःची कंपनी उभी केली. पैसा कुठून आला? आयोवातल्या सू सिटीच्या आसपास त्यांची पुस्तकं विकत घेणारे गोरे शेतकरी होते. त्यांनाच मिशोंनी कंपनीचे शेअर विकले. १९१९ मध्ये चित्रपट शिकागोत झळकला.

वितरणाची त्यांची रीत मला फार शहाणपणाची वाटते. रिळांचे डबे घेऊन ते गावोगावच्या थिएटरमालकांना भेटत. जाताना पुढच्या चित्रपटातल्या नटांची छायाचित्रं सोबत असत. ती दाखवून आगाऊ रक्कम उचलायची आणि तिच्यातून पुढचं काम सुरू करायचं.

१९२० साली त्यांचा ‘विदइन अवर गेट्स’ आला. डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या १९१५ सालच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’नं कृष्णवर्णीयांना राक्षस ठरवलं होतं. मिशोंनी दुसरी बाजू दाखवली. न केलेल्या खुनासाठी एका कृष्णवर्णीय कुळाला आणि त्याच्या बायकोला गोऱ्यांचा जमाव झाडाला टांगतो. १९१९ च्या उन्हाळ्यातली वांशिक दंगल शिकागो विसरलं नव्हतं. पुन्हा भडका उडेल या भीतीनं तिथल्या सेन्सॉरनं आधी परवानगी नाकारली. मग काटछाट होऊन चित्रपट लागला.

पण मालकी असली म्हणजे मोकळीक असतेच असं नाही. १९२८ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. बोलपट आले, खर्च वाढला. १९३१ चा ‘द एक्झाइल’ हा मिशोंचा बोलपट गोऱ्या भांडवलदारांच्या पैशावर तयार झाला. टीका घरातूनही झाली. नायक-नायिका उजळ रंगाच्या आणि खलपात्रं मात्र काळी, असा आक्षेप होता. ‘गॉड्स स्टेप चिल्ड्रन’विरुद्ध १९३८ साली न्यूयॉर्कमध्ये निदर्शनं झाली. मला हा आक्षेप खरा वाटतो. भेदभावाशी लढणाऱ्याच्या नजरेतही भेदभावाचा रंग उतरू शकतो. तरीही पॉल रोबसनसारख्या थोर कलावंताला १९२५ साली ‘बॉडी अँड सोल’मधून प्रथम पडद्यावर आणलं ते मिशोंनीच, आणि तेही दुहेरी भूमिकेत.

१९५१ साली मिशो वारले. तीस वर्षांत चाळीसच्या आसपास चित्रपट त्यांनी केले. त्यांच्या मूकपटांपैकी आज तीनच हाती आहेत. ज्यांच्या चित्रपटांना थिएटर मिळवतानाच धाप लागे, त्यांच्या प्रती कोण जपणार? ‘विदइन अवर गेट्स’ तर अमेरिकेत उरलाच नव्हता. त्याची एक प्रत स्पेनमध्ये, ‘ला नेग्रा’ या नावानं सापडली. तिच्यावरची स्पॅनिश वाक्यं पुन्हा इंग्रजीत आणून १९९३ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसनं चित्रपट नव्यानं सिद्ध केला. सव्वा तासाचा हा मूकपट आज इंटरनेटवर सहज पाहता येतो. सवड काढून जरूर पाहा.