प्रार्थना केली, श्वास मोजला नाही
(बजाजनगर येथे मंडळीसमोर केलेले भाषण)



वाळूजच्या कारखान्यांच्या धुराबद्दल आपण बजाजनगरकर नेहमी बोलतो, आणि ते रास्तच आहे. आज मी घरातल्या धुराबद्दल बोलणार आहे.

मागच्या हिवाळ्यात मी कन्नड तालुक्यातल्या एका भिल्ल वस्तीवर गेले होते. एकच खोली, खिडकी नाही, चुलीत ओली लाकडे, कोपऱ्यात शेळ्या. थंडी म्हणून आईने आठ महिन्यांचे बाळ चुलीजवळ निजवले होते. ते खोकत होते, श्वास भरभर चालला होता. मला वाटले, सर्दी असेल. मी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि निघाले. दुसऱ्या दिवशी कळले, न्यूमोनिया झाला म्हणून बाळाला दवाखान्यात नेले आहे. देवाच्या कृपेने ते वाचले. पण मी श्वास मोजला नाही, ही टोचणी अजून आहे.

मोजणे अवघड नाही. बाळ शांत असताना झबले वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजायची. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास ६० किंवा अधिक, एक वर्षाच्या आतील बाळाचे ५० किंवा अधिक, पाच वर्षांच्या आतील मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर लगेच दवाखाना गाठायचा. छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ दूध पीत नसेल, तर मोजतही बसू नये.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ पासून गावातल्याच कार्यकर्त्यांना आणि दाईंना हे शिकवले. आकडे न येणाऱ्यांसाठी मण्यांचे साधन केले. वेळेवर औषध मिळाले आणि बालमृत्यू घटले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते घरातल्या धुरामुळे मुलांना न्यूमोनियाचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस अनेक घरांत आला. पण टाकी पुन्हा भरायला पैसे नसतात. ऊसतोडीला गेले की कोपीपुढे तीन दगडांची चूल असतेच.

म्हणून वस्तीवर जाल तेव्हा एवढे सांगा : लाकूड वाळवून जाळा, चूल दाराबाहेर आडोशाला मांडा, शेळ्या वेगळ्या बांधा, बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा.

नाताळला आपण ब्लँकेट वाटतो. यंदा एक बाळासाठीही द्या, म्हणजे उबेसाठी त्याला चुलीजवळ निजवावे लागणार नाही. आणि फोटो काढून लगेच परतू नका. पाच मिनिटे बसा, त्या आईला श्वास मोजायला शिकवा.

देवाने मातीच्या माणसात स्वतःचा श्वास घातला, असे आपण मानतो. मग तो श्वास जपणे हीसुद्धा उपासनाच आहे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.