उघडलेलें खोकें आणि ग्राहकाचा हक्क

एका गृहिणीनें घरबसल्या ऑनलाइन पंखा मागविला. खोकें फोडलें, तर पातीं फिरेनात. विक्रेता म्हणाला, “खोकें उघडलें, आतां माल परत नाहीं.” ती गप्प बसली. परंतु खोकें उघडल्यावांचून दोष कळावा तरी कसा?

भारतांत २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा व २०२० चे ई-वाणिज्य नियम या बाबतींत स्पष्ट आहेत. माल सदोष, बनावट अथवा जाहिरातीहून निराळा निघाल्यास तो परत घेण्याचें किंवा पैसे फेडण्याचें विक्रेत्यास नाकारतां येत नाहीं. मात्र माल निर्दोष असून केवळ मन पालटलें, तर विक्रेत्यानें जाहीर केलेल्या अटीच पाहाव्या लागतात. हा भेद ध्यानीं ठेवावा.

म्हणून खोकें फोडतांना चित्रफीत घ्यावी, पावती जपावी व तक्रार लेखी करावी. तक्रार-अधिकाऱ्यानें ४८ तासांत पोंच द्यावी व एका महिन्यांत निवारण करावें, असा नियम आहे. तें न झाल्यास १९१५ या क्रमांकावर मदत मिळते. शिवाय स्वतःच्याच जिल्ह्यांतील ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत दाद मागतां येते. पांच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्कही पडत नाहीं. पंखा माळ्यावर टाकण्यापूर्वीं त्या गृहिणीनें एवढें अवश्य करून पाहावें.